याशिका इलेक्ट्रो ३५: कपाटातून काढल्यापासून पहिला रोल धुवून येईपर्यंत

मला अधूनमधून मेसेज येतात आणि सगळ्यांची गोष्ट एकच असते. बाबांचा नाहीतर मामांचा याशिका माळ्यावर सापडला, सेल टाकला, रोल भरला, गावाला जाऊन छत्तीस फोटो काढले आणि लॅबवाला म्हणतो रोल कोरा आहे. मग प्रश्न येतो, कॅमेरा गेला का हो? बहुतेक वेळा कॅमेरा गेलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. रोल सगळ्यात शेवटी भरायचा असतो आणि लोक तोच सगळ्यात आधी भरतात.

दुसरं कारण या कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. बटण अर्धं दाबल्यावर लाल किंवा पिवळी लाइट लागली नाही म्हणजे एक्सपोजर (फिल्मवर पडणारा उजेड) बरोबर, असं आपण शिकलेलो असतो. पण सेल मेलेला असला तरीही लाइट लागत नाहीच की! म्हणजे सगळं ठीक असताना हा गप्प आणि काहीच चालू नसतानाही हा गप्प. खालचे बरेचसे टप्पे हे गप्प बसणं नक्की कुठलं आहे ते ओळखण्यासाठीच आहेत.

लेख इलेक्ट्रो ३५ जीएसएन हातात धरून लिहिलाय, हे मॉडेल १९७३ चं. आधीचे जी, जीएस आणि १९६६ चा पहिला इलेक्ट्रो यांनाही जवळपास सगळं लागू पडतं, फ्लॅश अडकवायचा शू आणि एएसएची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) रेंज असे थोडे फरक आहेत. जीटी, जीटीएन म्हणजे तेच काळ्या बॉडीत.

## टप्पा १: आधी ठरवा, हा कॅमेरा तुमच्या कामाचा आहे का

घरचाच असेल तर हा टप्पा वाचून सोडून द्या, विकत घेणार असाल तर मात्र नीट वाचा.

जमेची बाजू म्हणजे लेन्स. ४५ एमएम, एफ १.७, सहा एलिमेंट्सची कलर याशिनॉन, एफ ४ ते एफ ८ मध्ये इतकी शार्प की कॅमेऱ्याची किंमत आठवून हसू येतं. शटर लेन्सच्या आतच आहे, पाकळ्यांचं, आणि एसएलआरसारखा आरसा नाही, त्यामुळे धाडकन उडणारं काही नाही, नुसतं बारीक टिक्. आरती चालू असताना देवघरात फोटो काढलात तरी कोणी मान वळवून बघणार नाही. हात थोडे स्थिर असतील तर १/३० सेकंदाला बिनधास्त आणि १/१५ ला श्वास धरून फोटो निघतो. व्ह्यूफाइंडर मोठा आहे, फ्रेमच्या रेषा फोकसबरोबर सरकतात म्हणून जवळच्या माणसाचं डोकं कापलं जात नाही. आणि अंधारात स्टँडवर ठेवलात तर हा स्वतःच मोजून ३० सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवतो. रात्री घाटावर किंवा दिवाळीत आकाशकंदिलाच्या उजेडात हे फार कामाला येतं.

आता दुसरी बाजू. तुम्ही फक्त ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) निवडता, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो आणि किती ठरवला ते सांगत नाही. मॅन्युअल स्पीड नाहीच. फ्लॅशच्या खुणेवर १/३० आहे, बी आहे (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), बास. सेल संपला की ऑटोवर प्रत्येक फोटो १/५०० ला. वरची मर्यादा १/५००, त्यामुळे भर दुपारी एफ १.७ वर मागचं धूसर करायचं विसरा (त्यावर एक जुगाड आहे, पुढे सांगतो). ०.८ मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही, म्हणजे ताटाचा फोटो ताटापासून लांब बसूनच काढायचा. लेन्स बदलता येत नाही. पुढे अडकवायच्या टेली आणि वाइड लेन्सा मिळायच्या, पण त्यांचा व्ह्यूफाइंडर वेगळा, वजन वेगळं, मी तरी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन. वजन आधीच पाऊण किलोच्या आसपास आहे, दिवसभर गळ्यात घातला की संध्याकाळी मान सांगते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आत पन्नास वर्षं जुनं इलेक्ट्रॉनिक्स आहे. ते गेलं तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. हेच ज्यांना नको त्यांनी कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री बघावा. तो १९७२ चा, ४० एमएम एफ १.७, आणि सेल नसला तरी १/४ ते १/५०० सगळे स्पीड हाताने लावता येतात. त्यात भानगड वेगळी, मॅन्युअलवर मीटर (उजेड मोजणारा भाग) बंद होतो आणि सेल १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा होता जो आता मिळत नाही. लोक त्यात कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घालतात. असो, तो वेगळा विषय.

जपून: जुन्या बाजारात, मग पुण्याचा असो नाहीतर मुंबईचा चोरबाजार, “चालू कंडिशन” याचा अर्थ एवढाच की बटण दाबल्यावर आवाज येतो. आवाज सेलशिवायही येतो. घ्यायला जाताना सेल आणि मोबाइलचा टॉर्च सोबत न्या.

## टप्पा २: सेलची जागा साफ करा, मग सेल घाला

खालचं गोल झाकण नाण्याने उघडा. आत जुना सेल असेल तर तो ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा असू शकतो. तो फोडू नका, कचऱ्यात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ई-कचरा घेतात तिथे द्या. झाकणाला किंवा आतल्या पट्टीला पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर इअरबड व्हिनेगरमध्ये हलकासा बुडवून पुसा, मग कोरड्या बडने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बड निथळता नको, व्हिनेगर आत उतरलं तर एक दुखणं घालवून दुसरं आणाल. शेवटी झाकणाच्या आतला धातू चमकेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासा. पुष्कळ “मेलेले” इलेक्ट्रो एवढ्यावरच उठून बसतात.

आता सेल कुठला? मूळचा मिळत नाही, पण ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, व्होल्टेजमधला तेवढा फरक हा कॅमेरा पचवतो. अडचण मापाची आहे, नवा सेल मूळच्यापेक्षा बारीकही आहे आणि आखूडही. ऑनलाइन ॲडॉप्टर मिळतात. मी वापरतो ती पद्धत अशी: घड्याळवाल्याकडे मिळणारे चार एलआर४४ एकावर एक रचायचे, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, जाड कागदाची घट्ट सुरळी करून त्यात बसवायचे, आणि उरलेल्या लांबीत जुन्या टॉर्चची स्प्रिंग घालायची. ॲल्युमिनियम फॉइलचा गोळाही चालतो पण तो हळूहळू दबतो आणि मग ऐन वेळी कनेक्शन सुटतं.

प्लस कुठल्या बाजूला ते कॅमेऱ्यावरच्या खुणेवरून बघा.

तपासा: मागचं बॅटरी चेकचं बटण दाबा. हिरवी लाइट स्वच्छ लागली पाहिजे. लागली नाही तर सेल उलटा घालून बघा, झाकण घट्ट करून बघा, परत घासा. इतकं करून लागत नसेल तर आतली वायर गंजून तुटलेली असायची दाट शक्यता, तिथे थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा. हिरवी लाइट नाही तोवर पुढचा एकही टप्पा करू नका, सगळी उत्तरं खोटी येतील.

## टप्पा ३: खट्ट ऐका

रोल न भरता, खोलीत शांतता करून, लिव्हर पूर्ण ओढा. ओढताना आतून एक स्पष्ट “खट्ट” यायला हवं. बटण दाबा, परत ओढा, परत खट्ट. पाच-सहा वेळा करा.

हा आवाज इलेक्ट्रोची नाडी आहे असं समजा. आत रबराचा एक छोटा तुकडा असतो तो वर्षांनुवर्षं मऊ पडून चुरा होतो, मग आतला दांडा जागेवर परत येत नाही आणि एक्सपोजरचं गणित बिघडतं. या कॅमेऱ्यांच्या नादी लागलेले लोक त्या तुकड्याला “पॅड ऑफ डेथ” म्हणतात. खट्ट येत नसेल तर तो तुकडा गेला असं धरून चाला. बदलणं अशक्य नाही पण वरचं कव्हर उघडावं लागतं, सोल्डरिंगचा हात नसेल तर स्वतः करू नका. कव्हरखाली बारीक वायरी आहेत आणि एक तुटली तर शंभर रुपयांचं काम हजारावर जातं.

जपून: लिव्हर मध्येच अडकली तर जोर लावू नका. अर्ध्यावर सोडलेली असेल तर पुढे पूर्ण ओढा. तरी अडली तर आपल्या हातचं काम नाही.

## टप्पा ४: मीटर आणि शटरची परीक्षा

लोक हा टप्पा गाळतात. दहा मिनिटं लागतात आणि एक रोल वाचतो.

पहिली परीक्षा ढोबळ. मोड ऑटोवर, एएसए १०० वर, ॲपर्चर एफ १६. संध्याकाळच्या घरातल्या उजेडात भिंतीकडे रोखून बटण दाबून धरा. टिक्… मग बऱ्याच वेळाने टिक्. आता एफ १.७ करून तेच करा, दोन टिक् जवळजवळ आले पाहिजेत. मग खिडकीबाहेर उजेडात रोखा, एकच टिक् ऐकू यावं. तिन्ही वेळा आवाज सारखाच आला तर एकतर सेल पोचत नाहीये किंवा मीटर झोपलाय.

दुसरी परीक्षा बारीक आहे आणि मला फार आवडते, कारण कॅमेरा स्पीड सांगत नसला तरी त्याच्याकडून दोन आकडे काढून घेता येतात. पिवळी लाइट म्हणजे स्पीड १/३० च्या खाली गेला, लाल म्हणजे १/५०० च्या वर हवाय. मोबाइलमध्ये लाइट मीटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, तेच एएसए लावा, आणि एका साध्या भिंतीवर कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही रोखा. बटण अर्धं दाबून ॲपर्चर फिरवत जा आणि पिवळी लाइट नेमकी कुठल्या आकड्याला विझते ते बघा. त्या ॲपर्चरला मोबाइल १/३० च्या आसपास सांगत असेल तर मीटर ठणठणीत. बाहेर उन्हात जाऊन लाल लाइटचं तसंच करा, तिथे १/५०० जवळ यायला पाहिजे. एका स्टॉपचा (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक आला तर काळजी नको, एएसए रिंग तेवढी सरकवून वापरा. दोन-तीन स्टॉपचा आला किंवा पिवळीला एक फरक आणि लालला भलताच, तर दुरुस्ती.

मीटरचा डोळा लेन्समध्ये नाही, समोर वर व्ह्यूफाइंडरच्या शेजारी आहे. परीक्षा करताना त्यावर बोट येऊ देऊ नका. ऐकायला बावळटपणा वाटतो पण मी स्वतः अर्धा तास कॅमेऱ्याला शिव्या घातल्यात आणि बोट माझं होतं.

तपासा: अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळी, बल्बसमोर एफ १.७ ला लाल, दोन्ही एकदा तरी लागल्या का? एक जरी लागत नसेल तर दिवाच गेलाय, म्हणजे त्या बाजूचा इशारा तुम्हाला कधीच मिळणार नाही.

## टप्पा ५: लेन्समधली बुरशी आणि फोकसचा पॅच

मागचं दार उघडा, मोड बी वर, ॲपर्चर एफ १.७, बटण दाबून धरा आणि मागून डोळा लावून समोरून तिरका टॉर्च मारा. धुळीचे चार कण सगळ्यांच्यात असतात, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या कॅमेऱ्यात हमखास. ती चामड्याची केस कितीही देखणी असली तरी ओल धरते, शोकेसला ठेवा आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. काठाला थोडी बुरशी असेल तर फोटोत दिसत नाही. मधोमध असेल तर फोटो दुधाळ येतात. सगळीकडे धूसर पडदा असेल तर तो जुन्या ग्रीसचा थर असतो, तो बहुधा पुसून निघतो, बुरशीने काच खाल्ली असेल तर मात्र डाग राहतात.

आता रेंजफाइंडर. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध पिवळसर पॅच दिसतो, त्यात दोन प्रतिमा दिसतात आणि लेन्स फिरवून त्या एकावर एक आणायच्या असतात. पॅच फिका झाला असेल तर व्ह्यूफाइंडरच्या खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा छोटा चौकोन बाहेरून चिकटवून बघा, पॅच एकदम उठून दिसतो.

दोन अंतरांवर तपासायचं. लेन्स अनंतावर ठेवून लांबची उभी रेघ बघा: विजेचा टॉवर, पाण्याची टाकी, डोंगरावरच्या देवळाचा कळस, किमान अर्धा किलोमीटर तरी लांब. समोरच्या बिल्डिंगचा पाइप म्हणजे अनंत नव्हे. मग टेपने बरोबर एक मीटर मोजून तिथे एखादं छापील पान लावा, त्यावर फोकस जुळवा आणि लेन्सवरचा आकडा एक मीटर सांगतो का बघा. एफ १.७ ला एक मीटरवर फोकसची खोली सगळी मिळून पाच सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे नाक शार्प आणि कान गेला. तिथे थोडीशी चूकही फोटोत दिसते.

शंका राहिली तर पक्की परीक्षा: मॅट सेलोटेपची पट्टी मागे फिल्म जिथून जाते त्या आतल्या दोन रुळांवर ताणून लावा, कॅमेरा स्टँडवर, बी वर शटर उघडं, एफ १.७. टेपवर उलटी प्रतिमा उमटते. भिंग लावून ती शार्प आहे का बघा आणि त्याच वेळी पॅच जुळतोय का बघा. दोन्ही एकदम झालं तर सुटलात. पॅच आडवा चुकत असेल तर फोकस चुकणार, उभा चुकत असेल तर फक्त बघायला त्रास.

जपून: शटरच्या पाकळ्यांना बोट, बड, कापड काहीही लावू नका. त्यांच्यावर तेल दिसलं तरीसुद्धा.

## टप्पा ६: मागच्या दाराचा फोम

दाराच्या खाचांमधला काळा फोम आत्तापर्यंत डांबर झालेला असतो. बोट लावून बघा, काळं आणि चिकट लागलं की काढायचा. टूथपिक आणि अल्कोहोलचा बड घेऊन सावकाश खरवडा, कॅमेरा उलटा धरून म्हणजे चुरा शटरकडे न जाता खाली पडेल. हे कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा.

नवीन फोमच्या पट्ट्या मिळतात, पण खाचांसाठी काळी बारीक लोकर झकास चालते. खाचेत थेंबभर गोंद टोकांना लावायचा आणि लोकर दाबून बसवायची. बिजागरीच्या बाजूला मात्र लोकर पुरत नाही, तिथे काळ्या फेल्टचा किंवा पातळ फोमचा तुकडा लावा.

तपासा: दार सहज बंद होतंय का? जोर लावावा लागला तर लोकर जाड झाली.

## टप्पा ७: आत्ता कुठे रोल

पहिल्या रोलला महागडी फिल्म नको. २०० चा साधा कलर निगेटिव्ह घ्या, कोडॅक गोल्ड किंवा कलरप्लस. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पुष्कळ सहन करते, म्हणून मीटर थोडा इकडेतिकडे असला तरी काहीतरी येतं. आपल्याकडच्या उन्हात ४०० घेऊन बाहेर पडलात तर लाल लाइट पाठ सोडत नाही. हिशोब सोपा आहे: कडक उन्हात एफ १६ ला शटर साधारण एएसएच्या आकड्याइतकं, म्हणजे ४०० ला १/४००. एफ ११ करायला गेलात की १/८०० हवं आणि हा १/५०० ला थांबतो. २०० ला निदान एफ ११ मिळतो, १०० ला एफ ८.

१. सावलीत उभे राहा. रिवाइंडची गोल चावी वर ओढून दार उघडा.
२. रोल डावीकडे बसवा, चावी खाली दाबा.
३. फिल्मची जीभ उजवीकडच्या गुंडाळीच्या खाचेत नीट अडकवा आणि लिव्हर ओढून बघा. वरची आणि खालची दोन्ही भोकं दातांवर बसली पाहिजेत. घाई इथेच होते.
४. दार बंद करा. रिवाइंडचा हँडल उघडून बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, किंचित अडेपर्यंत. ढिलाई निघाली.
५. आता लिव्हर ओढताना रिवाइंडच्या चावीकडे बघा. ती उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म पुढे जातच नाहीये, काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो फिल्म नसली तरी पुढे सरकतो.
६. काउंटर १ वर येईपर्यंत फुकट फोटो मारा.
७. एएसए लावा. परत एकदा बघा की लावलंय.

## टप्पा ८: प्रत्येक फोटोचा क्रम

झाकण काढा. हसू नका! व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही आणि मीटरचा डोळा बॉडीवर, त्यामुळे झाकण असतानाही सगळं छान दिसतं, लाइटही योग्य तीच लागते, शटरही बरोबर चालतं. एका नातेवाइकाच्या मुंजीचे माझे अकरा फोटो असे गेलेत आणि घरात अजून विषय निघतो. झाकण दोरीला बांधा किंवा घरीच ठेवा आणि एक साधा यूव्ही फिल्टर कायमचा लावून टाका, माप ५५ एमएम.

मग कुलूप काढा, लिव्हर ओढा, ॲपर्चर लावा, बटण अर्धं दाबून लाइट बघा, लाइटच्या बाणाच्या दिशेला ॲपर्चर रिंग फिरवा, फोकस जुळवा, फ्रेम करा, बटण सावकाश आत. बटणाचा प्रवास लांब आहे, झटका देऊन दाबाल तर फोटो हलणारच. पिवळी लाइट असली तरी फोटो निघतो, फक्त कॅमेरा टेकवा आणि दुसरी टिक् ऐकू येईपर्यंत बटण सोडू नका.

रस्त्यावर फोकस करत बसायचं नसेल तर एफ ११ लावा, फोकस सहा मीटरवर, मग तीन मीटरपासून लांबपर्यंत सगळं शार्प. बाजारात, जत्रेत मी असाच फिरतो.

मागून उजेड येत असेल तर मीटर फसतो. माणूस खिडकीपुढे असेल तर २०० च्या रोलला एएसए ५० करा, फोटो काढा आणि लगेच परत २०० करा. हे “लगेच” फार महत्त्वाचं.

फिल्टरचंही तसंच, मीटर फिल्टरमधून बघत नाही म्हणून भरपाई आपणच करायची. पिवळा फिल्टर एक स्टॉप खात असेल तर ४०० च्या रोलला २००. आणि तो मघाचा जुगाड: भर उन्हात मोठं ॲपर्चर हवं असेल तर तीन स्टॉपचा एनडी (नुसता उजेड कमी करणारा करडा फिल्टर) लावा आणि २०० च्या रोलला एएसए २५ करा. उन्हात एफ ४ मिळतो, सावलीत एफ १.७ सुद्धा.

जपून: पिशवीत टाकताना बटणाचं कुलूप लावा. बटण अर्धं दबून राहिलं की लाइट पेटलेली राहते आणि सेल संपतो, आणि मग पुढचा अख्खा रोल १/५०० वर, पुन्हा तेच गप्प बसणं. मी दर बारा फोटोंनी एकदा हिरवी लाइट बघतो.

## टप्पा ९: रोल काढणं आणि धुवायला देणं

छत्तीसच्या पुढे लिव्हर अर्ध्यात घट्ट झाली की संपला. अजून एक मिळतोय का म्हणून ओढू नका, फिल्म डबीतून सुटून येते. खालचं छोटं बटण दाबा, हँडल बाणाच्या दिशेने फिरवत राहा, सुरुवातीला ताण लागतो, शेवटी एकदम हलकं होतं. हलकं झाल्यावरही चार वेढे फिरवा आणि मग दार उघडा. आधी दार उघडलेल्यांची यादी फार मोठी आहे.

लॅबला सांगायचं: कलर निगेटिव्ह आहे, सी-४१ (कलर निगेटिव्ह धुवायची पद्धत), स्कॅन पाहिजे आणि निगेटिव्ह परत पाहिजेत. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर ते स्वतंत्र सांगा, ते केमिकल वेगळं. विमानाने येणार असाल तर रोल हँडबॅगमध्ये ठेवून हाताने तपासायची विनंती करा, नवीन सीटी स्कॅनरमध्ये न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते.

## टप्पा १०: निगेटिव्ह वाचा, नुसते स्कॅन बघू नका

स्कॅनर चुका झाकतो, म्हणून निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. काठावरचे आकडे-अक्षरं दिसतायत पण मधे सगळं कोरं: फिल्म पुढे गेली नाही किंवा झाकण. सगळेच फोटो फिके, पातळ: एएसए चुकीचं, किंवा सेल मेला आणि सगळं १/५०० ला गेलं. फक्त घरातले फिके आणि उन्हातले चांगले असतील तर सेलवरच संशय घ्या. सगळे गच्च काळे: परत टप्पा ३ ला जा, खट्ट ऐका. स्कॅनमध्ये काठाकडून नारिंगी पट्टा येत असेल तर फोम. फोकस नेहमी एकाच बाजूला चुकतोय, माणसामागची भिंत शार्प आणि माणूस नाही, तर पॅच. कधी पुढे कधी मागे चुकत असेल तर तो कॅमेऱ्याचा नाही, आपला हात.

पहिल्या रोलला एक छोटी वही खिशात ठेवा, फोटो नंबर, ॲपर्चर, ऊन-सावली, लाइट लागली की नाही. दोन शब्द पुरे. त्या वहीशिवाय वरचं निदान म्हणजे अंदाजपंचे.

आणि दुसरा रोल भरायच्या आधी एएसए रिंगकडे बघा. खिडकीतल्या त्या फोटोसाठी ५० वर नेलेली, अजून तिथेच असेल.